गोदीतले सहासष्ट जण

१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजातून दुपारी दोनच्या सुमारास धूर येताना दिसला. बर्कनहेडहून कराचीमार्गे आलेल्या या जहाजाच्या पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गासड्याही. वर्दी मिळताच बंब धावले. जवानांनी शेकडो टन पाणी आत सोडले, पण आगीचे मूळ काही हाती लागेना. जहाजाची एक बाजू तापून लाल झाली, आतले पाणी उकळू लागले. चारला दहा मिनिटे कमी असताना जहाज सोडण्याचा हुकूम निघाला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा.

नोंदींत मृतांचा आकडा सातशेच्या पुढे आहे, प्रत्यक्षात तो बराच मोठा असावा. त्यांत मुंबई फायर ब्रिगेडचे ६६ जण होते.

पाळीवर गेलेला एक माणूस परतला नाही तरी सगळे खाते हादरते. इथे एका दुपारी सहासष्ट गेले, आणि वाचलेल्यांना रडायलाही सवड नव्हती. पेटत्या गासड्या उडून वस्त्यांवर आणि गोदामांवर पडल्या होत्या. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. बरोबरचा माणूस गेल्याचे कळले तरी हातातली नळी सोडता येत नव्हती.

त्यात युद्धकाळ. स्फोटाची तपशीलवार बातमी जगाला दिली ती जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने, दुसऱ्याच दिवशी. इथल्या वार्ताहरांना मात्र मजकूर बाहेर पाठवायची परवानगी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली. आपल्या माणसांनी काय केले हे मोकळेपणाने सांगण्याचीही मुभा नसणे, हे त्या दलावरचे वेगळे ओझे होते.

फायरमनच्या नोकरीत ठाणे आणि घर फारसे वेगळे नसते. मुंबईतल्या कित्येक अग्निशमन केंद्रांच्या आवारातच कर्मचाऱ्यांची क्वार्टर्स आहेत. खाली बंब उभे, वर बिऱ्हाडे. घंटा वाजली की ती घरातही ऐकू येते. त्यामुळे गेलेला माणूस पाळीतला जोडीदार असतो तसा भिंतीपलीकडचा शेजारीही असतो. त्याची बायको रोज जिन्यात भेटणार असते आणि त्याची मुले आपल्याच मुलांबरोबर आवारात वाढणार असतात. इथे दुःख कामावर ठेवून घरी जाता येत नाही.

या शोकाला दलाने पुढे एक रीत दिली. दर १४ एप्रिलला भायखळ्याच्या मुख्यालयातील स्मारकापाशी पुष्पचक्र वाहिले जाते, मानवंदना दिली जाते. हीच तारीख आज देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात आणि २० तारखेपर्यंत सप्ताह चालतो. त्या आठवड्यात जवान शाळांत, रुग्णालयांत, कारखान्यांत, सोसायट्यांत जाऊन प्रात्यक्षिके दाखवतात. गेलेल्यांची आठवण आणि जिवंतांना वाचवण्याचे शिक्षण एकाच तारखेला बांधले गेले, म्हणूनच ही रीत इतकी टिकली.

तरी ती पुरेशी नाही. ९ मे २०१५ ला काळबादेवीतली गोकुळ निवास ही इमारत आगीत कोसळली आणि दोन अधिकारी जागीच गेले. प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर आणि उपप्रमुख सुधीर अमीन गंभीर भाजले होते. पुढच्या काही दिवसांत त्यांचेही रुग्णालयात निधन झाले. दलाचा वरचा कणाच मोडला, पण वर्दी आली की बंब बाहेर काढावेच लागत होते. ज्याने साहेबाला किंवा जोडीदाराला डोळ्यांदेखत जाताना पाहिले, त्याला वर्षातून एकदाची मानवंदना पुरत नाही. त्याला हक्काची रजा हवी, मन मोकळे करायला जाणकार माणूस हवा, आणि त्यासाठी कुणासमोर हात जोडावे लागता कामा नयेत.

वाचकांच्या हातातही एक गोष्ट आहे. येत्या एप्रिलमध्ये जवान तुमच्या सोसायटीत प्रात्यक्षिकाला आले, तर खाली उतरा. आणि जिन्यातली जुनी कपाटे, सायकली, रद्दीचे गठ्ठे त्याआधीच हलवा. आग लागली की त्याच जिन्याने त्यांना वर यायचे असते.