उलटा ठेवला की चालतो

पहिला प्लेस्टेशन ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानात विक्रीला आला. पुढे काही वर्षांत तो ज्या घरांत होता तिथे एक चमत्कारिक दृश्य दिसू लागलं. करडा डबा चक्क पालथा घातलेला, झाकण खाली, तळ वर, आणि टीव्हीवर गेम बिनतक्रार सुरू. सरळ ठेवला की सुरुवातीची चित्रफीत अडखळायची, आवाज तुटायचा आणि शेवटी पडदा काळा व्हायचा. कोणी पूर्ण पालथा घालायचं, कोणी कुशीवर उभा करायचं. डब्यासोबतच्या पुस्तिकेत हा इलाज नव्हता. तो एका पोराने दुसऱ्याला सांगत पसरला. स्क्रू ड्रायव्हर हातात न घेता, पैसा न मोजता होणारी ही दुरुस्ती. गेम कन्सोलच्या डिस्क ड्राइव्हच्या दुरुस्तीची वंशावळ मांडायची तर तिचं नाव बरंच वर लिहावं लागतं, आणि ती का चालायची हे कळायला आणखी मागच्या पिढीकडे जावं लागतं.

८ मार्च १९७९ रोजी फिलिप्स कंपनीने नेदरलँड्समधल्या आइंडहोवन इथे आपली कॉम्पॅक्ट डिस्क पत्रकारांना ऐकवली. पुढे सोनी सोबत आली, आणि १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा सीडीपी-१०१ हा प्लेअर जपानात विकायला ठेवला गेला. बारा सेंटिमीटर व्यासाची, १.२ मिलिमीटर जाडीची तबकडी. तिच्यात आतून बाहेर उलगडत जाणारी खळग्यांची वाट. वाटेच्या दोन वेढ्यांमध्ये अंतर १.६ मायक्रोमीटर. ती वाचायची डोळ्यांना न दिसणाऱ्या ७८० नॅनोमीटरच्या अवरक्त लेसरने. ग्रामोफोनची सुई रेकॉर्डला घासते, इथे कशालाच काही लागत नाही, म्हणून झीज नाही, अशी या तंत्राची ख्याती झाली.

ती अर्धीच खरी होती. फिरणारी तबकडी कधीच पुरती सपाट नसते, वर-खाली डुलते. लेसरचा ठिपका नेमका त्या वाटेवर राहावा म्हणून लेन्स बारीक तारांवर तोललेली असते आणि चुंबकाशेजारच्या वेटोळ्यात कमी-जास्त वीज सोडून तिला सतत हलवलं जातं. परतणारा प्रकाश चार भागांत विभागलेल्या संवेदकावर पडतो. ठिपका गोल असेल तर अंतर बरोबर. एका अंगाला लांबट झाला तर तबकडी जवळ आली, दुसऱ्या अंगाला लांबट झाला तर दूर गेली. सेकंदात असंख्य वेळा ही चूक मोजली जाते आणि दुरुस्त होते. बिघाड आणि दुरुस्ती यांचा खेळ या यंत्राच्या पोटात जन्मापासूनच चालू असतो, हे मला फार विलक्षण वाटतं. पण हे सगळं ज्या छोट्या गाडीवर बसलेलं असतं ती रुळांवरून आतून बाहेर सरकते, आणि प्रकाश झिजत नसला तरी गाडी आणि रूळ झिजतात.

गाण्याच्या प्लेअरमध्ये ही गाडी संथपणे एका दिशेने जाते आणि तास-सव्वा तासात काठाला पोहोचते. डिसेंबर १९८८ मध्ये एनईसीने जपानात आपल्या पीसी इंजिन या कन्सोलला सीडी ड्राइव्ह जोडला आणि या गाडीचं आयुष्य पालटलं. गेमला तबकडीच्या या टोकाचं चित्र, त्या टोकाचा आवाज, मधलाच एखादा नकाशा, असं काहीही केव्हाही लागतं. गाडी दिवसभर येरझारा घालू लागली. सेगाच्या मेगा सीडीत तेच, सॅटर्नमध्ये तेच, आणि प्लेस्टेशनमध्ये तर घराघरांत तेच.

प्लेस्टेशनच्या पहिल्या खेपेतल्या लेसर युनिटची गाडीही प्लॅस्टिकची होती आणि ती ज्यावरून सरकायची तो रूळही प्लॅस्टिकचा. त्यात हे युनिट वीजपुरवठ्याच्या पट्टीच्या अगदी शेजारी. तास-दोन तास खेळलं की ती पट्टी तापायची, उष्णतेने प्लॅस्टिक मऊ पडायचं आणि घर्षणाला लवकर बळी जायचं. झीज सगळीकडे सारखी होत नसे. एक बाजू जास्त खायची. मग गाडी कलायची आणि तिच्यावरची लेन्सही. विहिरीत सरळ सोडायचा पोहरा तिरका गेला की कडेला आपटतो आणि रिकामा वर येतो, तशी त्या किरणाची गत व्हायची. डबा पालथा घातला की गाडी स्वतःच्या वजनाने रुळाच्या दुसऱ्या, न झिजलेल्या अंगावर टेकायची आणि कल बराचसा निघून जायचा. तबकडी खाली पडत नसे, कारण मधल्या खुंटीवरचे छोटे गोळे तिला भोकाच्या आतून दाबून धरतात.

खटपट्या लोकांनी मग झाकण उघडून झिजलेल्या बाजूला पातळ प्लॅस्टिकचा तुकडा देऊन गाडी समतल करून पाहिली, आणि तेही चाललं. सोनीने नंतरच्या मॉडेलांत गाडी धातूची केली आणि लेसर युनिट वीजपुरवठ्यापासून दूर हलवलं. पालथं घालण्याची गरज तिथे संपली.

झीज आटोक्यात आली तरी लेसर म्हातारा होतोच. लेसर डायोडचा प्रकाश वापराने हळूहळू मंदावतो. इथे वंशावळीत आपल्याकडची एक शाखा येऊन मिळते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी व्हीसीडी प्लेअर घरोघर आले तेव्हा मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत सुटी लेन्स मिळू लागली. दुकानात अख्ख्या लेसर युनिटला, म्हणजे पिकअपला, लेन्सच म्हणतात: ‘लेन्स गेली’, ‘लेन्स टाकून देतो’. प्लेअर दुरुस्त करणाऱ्या ज्या हातांना हे काम ठाऊक होतं त्यांच्यापुढे कन्सोल आला तेव्हा आतली यंत्रणा त्यांना परकी वाटण्याचं कारण नव्हतं. तीच गाडी, तेच रूळ, तीच चपटी रिबन केबल.

नवी लेन्स बसवण्यात एक खुबी आहे. लेसर डायोड अंगावरच्या स्थिर विजेनेही मरतो. म्हणून कारखान्यातून येताना पिकअपच्या पट्टीवर दोन बिंदू शिशाच्या इवल्याशा थेंबाने जोडून ठेवलेले असतात. त्यामुळे डायोड सुरक्षित राहतो, पण पेटतही नाही. रिबन केबल लावून झाली की सोल्डरिंग आयर्नचं टोक टेकवून तो थेंब काढायचा. नवशिक्याला तो दिसतच नाही. तो लेन्स बसवतो, यंत्र तबकडी फिरवतही नाही, आणि लेन्स खराब निघाली म्हणून परत करतो. थेंब आधी काढून मग पिकअप हाताळला तर तो खरंच खराब होऊ शकतो. आधी केबल, मग थेंब: हा क्रम ज्याच्या बोटांत बसला त्याला मी कारागीर म्हणेन.

दुसरा इलाज त्याहून स्वस्त आणि त्याहून धोक्याचा. पिकअपवर मुंगीएवढ्या स्क्रूसारखा एक पोटेन्शियोमीटर असतो, लेसरला किती वीज मिळावी ते ठरवणारा. रोध थोडा कमी केला की मंदावलेला लेसर पुन्हा तेजाळतो आणि मेलेला कन्सोल वाचू लागतो. सेगाचा ड्रीमकास्ट आणि निन्टेन्डोचा गेमक्यूब यांच्यावर हा प्रयोग अतोनात झाला. गिऱ्हाईक खूश होऊन जातं, पण वाढीव विजेवर तोच डायोड लवकर जळतो. माझं स्पष्ट मत आहे की हा इलाज सगळ्यात शेवटी करावा. आधी इअर बडवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब घेऊन लेन्स अलगद पुसावी, रुळांवरचं वाळून चिकट झालेलं ग्रीस काढून नवं लावावं, केबल काढून पुन्हा बसवावी. यातूनच बरेच कन्सोल उठतात. पोटेन्शियोमीटरला हात लावायचाच तर मूळ रोध मल्टिमीटरने मोजून लिहून ठेवावा. आणि चालू लेसरकडे कधीही डोळा लावू नये. सीडीचा किरण दिसत नाही म्हणून तो जास्त घातक.

मार्च २००० मध्ये प्लेस्टेशन २ आला. त्याच्या पिकअपला दोन कामं होती: सीडीसाठी ७८० आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लेसर. म्हणून दुकानात अर्धवट आजारी कन्सोल येऊ लागले, डीव्हीडीवरचे गेम चालतात पण निळ्या पाठीच्या सीडीवरचे चालत नाहीत, किंवा नेमकं उलट. ‘डिस्क रीड एरर’ हे तीन शब्द इतक्या घरांत दिसले की अमेरिकेत प्रकरण सामूहिक दाव्यापर्यंत गेलं आणि सोनीने समझोता केला. जाड्या मॉडेलच्या ड्राइव्हमध्ये एक पांढरं दातेरी चाक असतं. ते फिरवलं की रुळाचा कल बदलतो. दुरुस्त करणारे आधी पेनाने त्याच्यावर खूण करायचे आणि एक-एक दाता पुढे-मागे करत तबकडी वाचली जाते का पाहायचे. पालथा डबा जे काम वजनावर सोपवत होता तेच काम आता बोटाने, दात मोजून होत होतं. दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच, लेन्स तबकडीला समांतर आहे का.

२००५ च्या एक्सबॉक्स ३६० मध्ये तर मामला लेसरपर्यंत पोहोचायच्या आधीच अडायचा. ट्रे बाहेर यायचाच नाही. ट्रे सरकवणारा छोटा रबरी बेल्ट सैल आणि गुळगुळीत व्हायचा. लोकांनी बेल्ट काढून उकळत्या पाण्यात टाकला, पुसला, परत बसवला. थोडा आकसून तो काही काळ पकड धरायचा. खरा उपाय नवा बेल्ट, आणि तो काही रुपयांचा.

पण याच पिढीत दुरुस्तीच्या वाटेवर नवाच अडसर आला, आणि त्याचं मूळही पहिल्या प्लेस्टेशनमध्येच आहे. अस्सल तबकडीच्या आतल्या काठावर वाटेला मुद्दाम एक सूक्ष्म लहर दिलेली असे आणि तिच्यात प्रदेशाची चार अक्षरं लिहिलेली असत. घरी बनवलेल्या सीडीच्या प्रतीत ती लहर येत नसे. कुलूप असं तबकडीत होतं. आत मॉडचिप नावाची छोटी चिप बसवून लोकांनी ते चुकवलं. मग पुढच्या कन्सोलांत कुलूप ड्राइव्हमध्येच गेलं. एक्सबॉक्स ३६० च्या प्रत्येक ड्राइव्हला स्वतःची गुप्त किल्ली असते आणि ती त्याच डब्याच्या मदरबोर्डशी जुळावी लागते. प्लेस्टेशन ३, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन यांतही ड्राइव्ह आणि मदरबोर्ड असेच एकमेकांशी बांधलेले. सुदृढ, चालता ड्राइव्ह दुसऱ्या डब्यातून काढून लावला तरी कन्सोल गेम वाचत नाही.

कारागिरांनी यातूनही वाट काढली. नव्या ड्राइव्हचं यंत्र घ्यायचं, मोटर, गाडी, लेन्स सगळं, आणि त्याला जुन्या ड्राइव्हचा सर्किट बोर्ड लावायचा. किल्ली त्या बोर्डवर असते, त्यामुळे मदरबोर्डला ड्राइव्ह जुनाच वाटतो. मात्र तो बोर्डच जळाला असेल तर यंत्र कितीही चांगलं असो, हात टेकावे लागतात. चोरट्या प्रती रोखण्यासाठी घातलेलं कुलूप अस्सल तबकडी विकत घेणाऱ्यालाच दाराबाहेर उभं करतं, ही गोष्ट मला साफ अन्यायाची वाटते.

अमेरिकेत असं कुलूप फोडणं १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याने एरवी बेकायदा ठरतं, दुरुस्तीसाठी असलं तरी. दर तीन वर्षांनी तिथल्या कॉपीराइट कार्यालयापुढे सवलतींची सुनावणी होते. २०१८ मध्ये गेम कन्सोलच्या दुरुस्तीला सवलत नाकारली गेली. पब्लिक नॉलेज ही संस्था आणि दुरुस्तीची माहिती देणारी आयफिक्सइट ही कंपनी यांनी पुन्हा मागणी लावून धरली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये ती मिळाली, पण संपूर्ण कन्सोलला नाही. साऱ्या डब्यातल्या फक्त ऑप्टिकल ड्राइव्हच्या दुरुस्तीपुरती, तीही काम झाल्यावर कुलूप पूर्ववत करण्याच्या अटीवर. दुरुस्तीसाठी कुलूप उघडण्याची मुभा आली, ते उघडणारं साधन इतरांना विकण्याची मात्र नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ५ चं नवं रूप आणलं. त्यात ड्राइव्ह हाताने काढता आणि लावता येतो, रूळ-गाडीच्या भानगडीत न पडता आख्खा बदलता येतो. पहिल्यांदा जोडताना मात्र इंटरनेटवरून त्याची कन्सोलशी गाठ घालावी लागते. वर्षभराने आलेल्या प्लेस्टेशन ५ प्रोमध्ये ड्राइव्ह नाहीच. हवा असेल तर वेगळा घ्यायचा.

जुन्या डब्यांसाठी एक धाकटी शाखा अलीकडे फोफावली आहे. पहिल्या प्लेस्टेशनसाठी एक्सस्टेशन, ड्रीमकास्टसाठी जीडीईएमयू, अशा पट्ट्या मिळतात. ड्राइव्ह पूर्ण काढायचा, त्याच्या जागी ही पट्टी लावायची आणि गेम मेमरी कार्डवरून चालवायचे. लेसर नाही, गाडी नाही, झिजायला काही उरत नाही. जिथे लेन्स कुठेच मिळत नाही तिथे हा उपाय मी आनंदाने मान्य करतो. पण पहिल्या प्लेस्टेशनची लेन्स अजून मिळते, तिची नक्कल तरी नक्कीच, आणि त्या गेमांच्या काळ्या पाठीच्या तबकड्या कपाटात तशाच आहेत. त्यांचा काळा रंग आपल्या डोळ्यांपुरताच. ७८० नॅनोमीटरच्या किरणाला तो आरपार दिसतो. तेव्हा रूळ पुसावेत, ग्रीस बदलावं, लेन्स बसवावी, थेंब काढावा आणि डबा सरळ ठेवून चालू करावा.