निर्वासितांना त्यांच्यातल्यांनीच घ्यावं?

निर्वासितांना कोणी घ्यायचं हा वाद पेटला की एक उत्तर हमखास येतं: ज्यांचे आहेत त्यांनी घ्यावं. सीरियातून पळालेल्यांना अरबांनी, रोहिंग्यांना मुस्लिम देशांनी, पाकिस्तानातल्या हिंदूंना भारताने. २०१५ मध्ये स्लोवाकियाच्या सरकारने आपण फक्त ख्रिस्ती सीरियन घेऊ असं जाहीर केलं. आपल्याकडे २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याच्या वेळीही हाच सूर लागला होता.

हा केवळ द्वेषाचा सूर आहे असं म्हणून तो झटकून टाकणं मला मान्य नाही. त्यामागे व्यवहाराचा विचार आहे. भाषा कळते, सणवार जुळतात, तिथे माणूस लवकर रुळतो. स्थानिकांची धास्तीही कमी राहते. पाहुणा घरच्यासारखा असेल तर यजमानही त्याला अधिक काळ सांभाळील, असा हा पक्ष. त्याची परीक्षा या शेवटच्या वाक्यावरच झाली पाहिजे.

त्याआधी एक गैरसमज दूर करतो. मुस्लिम देश कोणालाच घेत नाहीत, हे खरं नाही. तुर्कस्तानात एके काळी ३६ लाखांवर सीरियन नोंदलेले होते. लेबनॉन आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढा देश, तिथे नोंदणी झालेलेच दहा लाखांच्या पुढे गेले होते. बांगलादेशात कॉक्स बाजारच्या छावण्यांत दहा लाखांच्या आसपास रोहिंग्या आहेत. आखाती देशांवरचा आक्षेप मात्र रास्त आहे. तिथे गेलेले सीरियन राहिले ते नोकरीच्या परवान्यावर. निर्वासित म्हणून दर्जा त्यांना मिळाला नाही.

आता मुख्य मुद्दा. आपलेपणा आश्रय टिकवतो का?

भूतानचं उदाहरण आपल्याकडे फारसं कोणी काढत नाही, आणि या वादात ते सर्वांत बोलकं आहे. दक्षिण भूतानमधले नेपाळी भाषक ल्होत्शम्पा बहुसंख्येने हिंदू. १९८५ च्या नागरिकत्व कायद्याने आणि १९८८ च्या जनगणनेने त्यांच्यातल्या अनेकांना परके ठरवलं. १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत सुमारे एक लाख माणसं घरंदारं सोडून निघाली आणि भारतातून वाट काढत पूर्व नेपाळच्या झापा आणि मोरंग जिल्ह्यांत पोहोचली. नेपाळ तेव्हा जगातलं एकमेव हिंदू राष्ट्र होतं. भाषा तीच, दसऱ्याचा टिळा तोच, जातीपातींची नावंसुद्धा तीच. याहून जवळचं घर शोधून सापडलं नसतं. पण या घराने त्यांना बांबूच्या झोपड्यांत सतरा-अठरा वर्षं ठेवलं. उघडपणे नोकरी करायला बंदी, जमीन घ्यायला बंदी, नागरिकत्वाचं नाव नाही. नेपाळ आणि भूतान यांच्यात वाटाघाटींच्या फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या आणि एकही कुटुंब परत गेलं नाही. २००७ पासून या छावण्यांतल्या एक लाखाहून अधिक लोकांना घेतलं ते बहुतांशी अमेरिकेने. ज्या देशाशी त्यांचा ना धर्माचा संबंध, ना भाषेचा, तिथे पाच वर्षांनी नागरिकत्वासाठी अर्ज करता येत होता, आणि हजारोंनी तो केला. ज्यांनी केला नाही, त्यांच्यातल्या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या काहींना अमेरिकेने २०२५ मध्ये भूतानला परत धाडलं. भूतानने त्यांना पुन्हा सीमेबाहेर काढलं. त्यांच्यातले काही जण नेपाळमध्ये पोहोचले, तेव्हा तिथे त्यांना अटक झाली. आपलेपणाचा हिशेब इथेच स्पष्ट होतो. पाकिस्तानातही हेच दिसलं. चार दशकं तिथे राहिलेल्या, त्याच धर्माच्या आणि कित्येकदा त्याच पश्तू बोलीच्या अफगाणांना २०२३ पासून लाखोंनी हुसकावण्यात आलं.

आपल्या घरातलं उदाहरण तर अधिक टोचणारं आहे. १९८३ च्या दंगलींनंतर श्रीलंकेतले तमिळ पाल्कची सामुद्रधुनी ओलांडून रामेश्वरमच्या किनाऱ्याला लागले. तमिळनाडूत भाषा तीच, बहुतेकांचा देवही तोच. राज्य सरकारने धान्य दिलं, मुलांना शाळा दिल्या. याचं श्रेय द्यायलाच हवं. पण मंडपमसारख्या छावण्यांत आज तिसरी पिढी वाढते आहे. १ जुलै १९८७ पासून भारतात केवळ जन्म झाला म्हणून नागरिकत्व मिळत नाही. त्यामुळे आईबाप दोघेही निर्वासित असतील तर मूल इथे जन्मून, इथे शिकून परदेशीच राहतं. नात्याच्या आधारावर उभ्या राहिलेल्या २०१९ च्या कायद्यात तीन देशांची नावं आहेत. त्यांत श्रीलंका नाही.

उलट बाजू पाहायची तर कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला यावं. स्टालिनच्या राजवटीने १९४०-४१ मध्ये पूर्व पोलंडमधून सायबेरियात आणि मध्य आशियात हाकललेली कुटुंबं पुढे इराणमार्गे सुटली. त्यांतले सुमारे पाच हजार जण, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात इथल्या बराकींत राहिले. चर्च, शाळा, दवाखाना, सगळं छावणीत उभं राहिलं. खर्चाचा मोठा वाटा लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारने उचलला, म्हणून याला कोल्हापूरच्या औदार्याची कथा करून सांगणं अपुरं होईल. पण धर्म, भाषा, अन्न यांतलं काहीएक जुळत नसताना पाच वर्षं ही माणसं सुरक्षित राहिली, शिकली, आणि मग ब्रिटन, पोलंड, ऑस्ट्रेलिया असे पांगली.

त्यांनी रिकाम्या केलेल्या बराकींत फाळणीत उखडलेले सिंधी आले. तेच आजचं गांधीनगर. लग्नाचा बस्ता काढायला दक्षिण महाराष्ट्रातली आणि कर्नाटक सीमेपलीकडची कुटुंबं आज तिथल्या कापडपेठेत जातात. विरुद्ध पक्ष म्हणेल, सिंधी हिंदू होते म्हणूनच रुळले. दार धर्माने उघडलं, हे कबूल. पण दार तर नेपाळनेही उघडलं होतं. सिंध्यांना त्यापुढे जे मिळालं ते राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने: १९ जुलै १९४८ पूर्वी येऊन इथे राहिलेले सरळ नागरिक ठरले, नंतर आलेल्यांना नोंदणीची वाट होती. १९५४ च्या कायद्याने बुडालेल्या मालमत्तेची भरपाई आली. दुकान काढायला, मत द्यायला, कर्ज मागायला कोणाची परवानगी लागली नाही. भाषा मराठी नव्हती. ती पुढच्या पिढीने बाजारात उचलली.

म्हणून निर्वासित कोणाचा नातलग आहे हा प्रश्न मी दुय्यम मानतो. कोणता देश त्याला काम करू देईल, त्याच्या मुलाचा जन्म नोंदवील आणि ठरावीक वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज स्वीकारील, हे आधी विचारलं पाहिजे. श्रीमंत देशांनी आपला वाटा घेतला पाहिजे, कारण हे सगळं द्यायची ऐपत त्यांच्याकडे अधिक आहे. आणि हाच प्रश्न भारतालाही लागू होतो. आपण १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपला स्वतंत्र निर्वासित कायदाही नाही. १९९७ मध्ये माजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या नेतृत्वाखाली एक नमुना कायदा तयार झाला; २०१५ मध्ये शशी थरूर यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं. दोन्ही पुढे सरकले नाहीत. ते काम पुन्हा हाती घ्यायचं असेल तर पहिलं कलम मंडपमच्या मुलांसाठी लिहावं.