महर्षींचे चिरंजीव

थोर माणसाच्या मुलाविषयीं लोकांचा निकाल आधींच लागलेला असतो. वडिलांचें कार्य त्यानें पुढें चालविलें तर ‘त्यांत काय नवल!’ आणि सोडलें तर ‘दिव्याखालीं अंधार!’ रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांचें जीवन ह्या दोन्ही निकालांत बसत नाहीं, म्हणूनच तें आज श्रोत्यांपुढें ठेवावेंसें वाटतें.

रघुनाथरावांचा जन्म १८८२ चा. ते ९ वर्षांचे असतां आई राधाबाई वारल्या. १८९३ मध्यें वडिलांनीं, म्हणजे अण्णांनीं, गोदूबाई ह्या विधवेशीं पुनर्विवाह केला आणि मुरुडकरांनीं त्यांच्यावर बहिष्कार घातला. समाज रुसला म्हणजे काय होतें, हें ह्या मुलाला पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं.

पण अण्णांची खरी करामत पुढची. १८९६ मध्यें त्यांनीं पुण्यांत अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हां पुनर्विवाहाची चळवळ आश्रमापासून कटाक्षानें दूर ठेवली. ज्यानें स्वतः विधवेशीं लग्न केलें त्यानेंच हें करावें? कोणी ह्याला माघार म्हणेल; मला तो गणिताच्या शिक्षकाचा हिशेब वाटतो. विधवांना शिकवावयाचें तर सनातनी बापाचाही विश्वास हवा, आणि वर्गणी गोळा करावयाची तीही अशाच घरांतून. लोकांचा सद्भाव हेंच अण्णांचें भांडवल होतें.

मुलगाही गणिताचाच प्राध्यापक झाला. हिशेब मात्र त्याचा निराळा. १९२१ मध्यें, लंडनला मेरी स्टोप्सबाईंनीं आपलें केंद्र उघडलें त्याच वर्षीं, रघुनाथरावांनीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र सुरू केलें. विल्सन कॉलेजच्या चालकांना तें रुचलें नाहीं. १९२५ त रघुनाथरावांनीं नोकरी सोडली, प्रचार सोडला नाहीं. जुलै १९२७ पासून त्यांचें ‘समाजस्वास्थ्य’ मासिक निघूं लागलें. ह्या विषयांत आधीं सद्भाव जमवावा आणि मग बोलावें, अशी सोयच नव्हती. जें बोलावयाचें तेंच लोकांना ऐकावयाचें नव्हतें. सभ्य घरांत जें कुजबुजतही नसत, त्याविषयींच्या वाचकांच्या प्रश्नांना ते छापून उत्तरें देत. अश्लीलतेबद्दल खटले झाले. १९३४ च्या खटल्यांत त्यांच्या बाजूनें डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. तरीही दंड झालाच.

मग वडिलांपासून त्यांनीं घेतलें काय? बहिष्कार सोसण्याची तयारी, आणि पटलें तें आधीं स्वतः आचरण्याची संवय. अण्णांनीं पुनर्विवाह नुसता सांगितला नाहीं, केला. रघुनाथराव व मालतीबाई ह्यांनींही मूल होऊं न देण्याचा निश्चय केला, आणि त्यासाठीं रघुनाथरावांनीं स्वतःवर शस्त्रक्रिया करून घेतली. घेतली नाहीं ती फक्त अण्णांची सबुरी. ती घेते, तर ‘समाजस्वास्थ्य’ एक निरुपद्रवी आरोग्य-मासिक झालें असतें, आणि संपादकही कदाचित् सर्वांचे लाडके झाले असते.

१९५८ मध्यें अण्णांना भारतरत्न मिळालें. तें पाहावयास रघुनाथराव नव्हते. १४ ऑक्टोबर १९५३ ला ते वारले. मासिकाचा शेवटचा अंक त्यानंतर, नोव्हेंबरांत निघाला. अण्णा तेव्हां ९५ वर्षांचे होते.