न्यूटनची नक्कल आणि निरर्थक अक्षरं

सायकॉलॉजी म्हणजे खरं सायन्स का हो? आम्हा इंजिनिअर मंडळींच्या चहाच्या टेबलावर याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. पण गंमत बघा, या प्रश्नाने सगळ्यात जास्त छळलंय ते खुद्द मानसशास्त्रज्ञांना. त्यापायी त्यांनी केलेले उद्योग वाचण्यासारखे आहेत.

क्लार्क हल हे नाव आज फारसं कुणाला माहीत नसतं. १९४०च्या दशकात मात्र अमेरिकन मानसशास्त्रात त्यांचा मोठा दबदबा होता. माणूस मुळात आपल्याच जातकुळीतला! खाणींचा इंजिनिअर व्हायचं होतं, पोलिओने पाय अधू झाला म्हणून इकडे वळले. आकडेमोडीसाठी यंत्रंसुद्धा बनवली. आदर्श कोण, तर न्यूटन. येलमध्ये असताना १९४३ साली त्यांनी 'प्रिन्सिपल्स ऑफ बिहेविअर' लिहिलं. त्यात १६ गृहीतकं, त्यांवरून काढलेली प्रमेयं आणि सूत्रं. सवयीची ताकद गुणिले गरजेचा जोर, म्हणजे प्रतिक्रिया घडण्याची क्षमता. दिसायला थेट एफ बरोबर एमए.

आणि या सगळ्याखालचा डेटा? बराचसा उंदरांचा.

त्याच उंदरांनी घोळ घातला. १९३० साली बर्कलेत टोलमन आणि हॉन्झिक यांनी काही उंदरांना दहा दिवस चक्रव्यूहात नुसतं फिरू दिलं, खाऊ काहीच नाही. अकराव्या दिवशी खाऊ ठेवला. दुसऱ्याच दिवशी या उंदरांच्या चुका रोज खाऊ मिळणाऱ्या उंदरांइतक्या कमी झाल्या. म्हणजे बक्षिसाशिवाय ते रस्ता शिकतच होते की! हल यांच्या १९४३च्या पुस्तकात मात्र बक्षिसाशिवाय सवय पक्की होत नाही. मग १९५२च्या पुस्तकात सूत्रात बक्षिसाच्या ओढीचा एक जादा घटक आला. आपल्या भाषेत पॅच मारला. त्याच वर्षी ते गेले, आणि काही वर्षांत त्यांची अख्खी इमारत अडगळीत गेली.

हल यांना हसायचं नाहीये मला. आपलं म्हणणं खोटं ठरू शकेल इतकं स्पष्ट लिहायला धाडस लागतं. पण रिक्वायरमेंट कळायच्या आधीच आर्किटेक्चर डॉक्युमेंट तयार, आणि तेही दुसऱ्याच्या प्रोजेक्टवरून उचललेलं!

आता त्यांच्या बरेच आधीचे हर्मन एबिंगहाउस बघा. यांनी प्रयोग केले ते स्वतःवरच. साधारण २३०० निरर्थक अक्षरगट बनवले, घड्याळाच्या ठोक्यावर त्यांच्या याद्या पाठ केल्या, आणि ठरावीक वेळाने पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजलं. वीस मिनिटांनी ५८ टक्के, एका दिवसाने ३४, महिन्याने २१. १८८५ साली पुस्तक छापलं. एकच सब्जेक्ट आणि तोही स्वतः लेखक! आजच्या कुठल्याही रिव्ह्यूअरने फाडूनच खाल्लं असतं.

थेट २०१५ साली येऊ. त्या वर्षी जवळजवळ २७० संशोधकांनी नामांकित जर्नल्समधले मानसशास्त्राचे १०० अभ्यास पुन्हा करून पाहिल्याचा निकाल आला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरलेला निष्कर्ष होता. पुन्हा केल्यावर तो टिकला ३६ टक्क्यांत. लॅब, आलेख, पी व्हॅल्यू, सगळा 'सायंटिफिक' साज होता हो त्या पेपरांत. चहाच्या टेबलावर अर्थातच टाळ्या. पण हे खोदकाम केलं कुणी? मुख्यतः मानसशास्त्रज्ञांनीच. (आणि टाळ्या जरा जपून. २०१२ साली एका औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी कॅन्सर संशोधनातल्या ५३ गाजलेल्या पेपरांपैकी फक्त ६ जुळले असं लिहिलं होतं. बायॉलॉजीला कुणी 'सायन्स आहे का' म्हणून विचारत नाही.)

त्याच २०१५मध्ये अॅम्स्टरडॅमच्या मुरे आणि ड्रोस यांनी एबिंगहाउसचा प्रयोगही पुन्हा केला. पुन्हा एकच माणूस, ७० तास पाठांतर, तीच वीस मिनिटांपासून ३१ दिवसांपर्यंतची अंतरं. आलेख १३० वर्षांपूर्वीच्या आलेखाशी जवळजवळ जुळला. फक्त २४ तासांपाशी रेघ किंचित वर उचललेली दिसते. मधल्या रात्रीच्या झोपेमुळे असेल असा त्यांचा कयास आहे.