मोझरीचे श्रमदान आणि परदेशातले रान

अमरावतीहून नागपूरकडे जाणारी एस.टी. मोझरीला आली की काही प्रवासी बसल्या जागीच हात जोडतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली इथे गुरुकुंज आश्रम उभारला. महाराजांची खंजिरी सगळ्यांच्या लक्षात आहे; त्यांनी गावोगाव रुजवलेली श्रमदानाची रीत मात्र आता फारशी कोणी आठवत नाही. पहाटे उठायचे, झाडू-टोपली घेऊन गाव स्वच्छ करायचे. या कामाची मजुरी नव्हती आणि काम करू देण्याबद्दल कोणी फीसुद्धा मागत नव्हते.

फीचा उल्लेख मुद्दाम केला. आपल्याकडची काही तरुण मंडळी आता कोस्टारिका, पेरू, बोर्निओ इथल्या वर्षावनांत स्वयंसेवक म्हणून जातात. रोपे लावायची, पायवाटा दुरुस्त करायच्या, कासवांची अंडी राखायची, आणि त्यासाठी पैसेही आपणच भरायचे. हे ऐकून माझ्या एका शेतकरी मित्राने विचारले, "काम बी आपणच करा लागते अन् पैसे बी आपणच द्या लागते?" प्रश्न गमतीचा असला तरी टाकून देण्यासारखा नाही.

कोस्टारिकातल्या माँटेव्हर्देची गोष्ट पाहा. अमेरिकेतल्या अलाबामाची काही क्वेकर कुटुंबे १९५१ साली तिथे जाऊन राहिली. युद्धाला त्यांचा धर्मानेच विरोध. सैन्यभरतीला नकार दिला म्हणून त्यांच्यातले काहीजण तुरुंगात गेले होते. कोस्टारिकाने १९४८ सालीच आपले सैन्य मोडीत काढले होते, म्हणून हा देश त्यांनी निवडला. दूधधंद्यासाठी त्यांनी जंगल तोडून कुरणे केली, हेही सांगायला हवे. पण डोंगरमाथ्यावरचे रान त्यांनी राखले, कारण गावाचे पाणी तिथून येत होते. १९७२ साली तिथे अभयारण्य झाले. १९८७ साली स्वीडनमधल्या एका खेड्यातल्या शाळकरी मुलांनी पैसे जमवून तिथले आणखी रान विकत घ्यायला सुरुवात केली. जगभरचे पर्यटक आणि स्वयंसेवक यांची रीघ लागली ती त्यानंतर. रान आधी राखले ते तिथे राहणाऱ्यांनी, आणि स्वतःच्या गरजेपोटी.

आपले मेळघाट मोझरीपासून काही तासांच्या वाटेवर. १९७३ साली देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत ते होते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाण बांधून प्राणी मोजायला अमरावती-अकोल्याची मुले हौसेने जात. पुढे वाघांच्या मोजणीसाठी स्वयंचलित कॅमेरे आले. पौर्णिमेची ती रात्र आता 'निसर्गानुभव' म्हणून ओळखली जाते, आणि तिच्यासाठी शुल्क भरावे लागते. म्हणजे मित्राच्या प्रश्नासाठी कोस्टारिकापर्यंत जायची गरजच नव्हती! माझी शुल्काबद्दल तक्रार नाही. पैसा जंगलालगतच्या गावात उतरत असेल तर तो जरूर द्यावा.

पण याच जंगलाची दुसरी बाजू आहे. बोरी, कोहा, कुंड ही कोरकूंची गावे या शतकाच्या सुरुवातीला जंगलाबाहेर हलवली गेली. त्यांच्यामागून आणखी गावे अकोट-तेल्हारा भागात उतरली. वाघाला मोकळे रान मिळाले, हे खरेच. मात्र जमीन आणि सोयींची आश्वासने पुरी झाली नाहीत, अशी तक्रार करत काही कुटुंबे पुन्हा जंगलात परतली, आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यांचा पोलीस व वनकर्मचाऱ्यांशी संघर्ष झाला. शहरातून एका रात्रीसाठी आलेला पाहुणा मचाणावर आणि पिढ्यान् पिढ्या तिथे राहिलेला माणूस बाहेर, हे कोडे माँटेव्हर्देला पडले नव्हते.

अशा एका पौर्णिमेला माझ्यासोबत मचाणावर एक कोरकू तरुण होता. माझी नजर पाण्याकडे लागलेली, आणि तो नुसत्या आवाजावरून सांगे, "सांबर आहे. आता अस्वल येईल." अस्वल आले. मध्यरात्रीनंतर त्याने समोरच्या टेकडीकडे हात केला. तिच्यापलीकडे त्याच्या मामाचे गाव होते. आता तिथे गवत आहे, म्हणाला, आणि हरणे चांगली दिसतात.