रोजचा प्रवास, वस्तीची रचना आणि आरोग्य

माणूस कामाला, शाळेला, बाजाराला कसा जातो आणि त्याच्या घराभोवतीचे रस्ते, मैदाने व इमारतींमधली अंतरे कशी आहेत, याचा त्याच्या प्रकृतीवर होणारा परिणाम हा सार्वजनिक आरोग्य आणि नगररचना यांच्या सीमेवरचा विषय आहे. शरीराची हालचाल, अपघात, हवा, गोंगाट, ऊन-वारा आणि शेजारपाजार अशा अनेक वाटांनी हा परिणाम घडतो. दवाखान्यात रुग्ण एकटा येतो, पण त्याच्या आजाराची बरीचशी कारणे गल्लीतल्या सगळ्यांना सामाईक असतात.

महाराष्ट्रात या विचाराला प्लेगच्या साथीने जोर आला. १८९६ साली मुंबईत प्लेग पसरला आणि १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीत समुद्राचा वारा खेळावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते चाळींच्या गर्दीतून काढले गेले आणि दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या गेल्या. खालच्या मजल्यावरच्या खोलीतही उजेड पोचावा म्हणून समोरच्या इमारतीची उंची साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात बसवण्याचा नियम ट्रस्टने लावला. या कामाची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. सुरुवातीच्या वर्षांत जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या गेल्या नाहीत. हुसकावलेले लोक शेजारच्याच चाळींत दाटले आणि ज्यांच्यासाठी वारा आणायचा होता त्यांच्यापैकी अनेकांच्या वाट्याला आणखी कोंदट खोली आली. शतकानंतर मानखुर्द-गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींत तेच दिसले. तिथे इमारती एकमेकींना इतक्या चिकटून उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. २०१८ च्या सुमारास झालेल्या पाहणीत या अंधाऱ्या, कोंदट घरांमध्ये क्षयाचे प्रमाण जवळच्याच मोकळ्या रचनेच्या वसाहतीपेक्षा बरेच जास्त आढळले. सूर्यप्रकाश आणि हवा यांचा क्षयाशी असलेला संबंध शंभर वर्षांपूर्वी ठाऊक होता, हे लक्षात घेतले तर अशा इमारतींना मिळालेली परवानगी अक्षम्य ठरते.

प्रवास आणि हृदय यांचा संबंध दाखवणारा पाया लंडनमध्ये घातला गेला. जेरी मॉरिस या डॉक्टराने लंडनच्या डबलडेकर बसच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला आणि त्याचे निष्कर्ष १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ड्रायव्हर आणि कंडक्टर साधारण एकाच थरातले, एकाच गाडीवर काम करणारे. ड्रायव्हर पाळीचा बहुतेक वेळ बसून असे, तर कंडक्टर तिकिटे फाडत दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढे. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता आणि झालाच तर उशिरा व कमी जीवघेणा. पायी किंवा सायकलवर टपाल वाटणारे पोस्टमन आणि बैठे काम करणारे कारकून यांच्यातही असाच फरक दिसला. मॉरिस तिथे थांबला नाही. अंगाने स्थूल माणसेच मुळात ड्रायव्हर होत असतील तर हा फरक नोकरीमुळे पडला असे कसे म्हणायचे? त्याने गणवेशाच्या विजारींची मापे मिळवली आणि १९५६ साली दाखवून दिले की तरुण वयापासूनच ड्रायव्हरांच्या कंबरेचे माप जास्त भरत होते. पुढे बारीक, मध्यम आणि जाड असे गट पाडून पाहिले तरी कंडक्टरांचे पारडे जडच राहिले. हा आक्षेप आजही या क्षेत्राची पाठ सोडत नाही. ज्यांना चालायला आवडते ते चालण्याजोग्या वस्तीत घर घेतात, त्यामुळे वस्तीचा गुण किती आणि माणसाचा किती, हे वेगळे काढणे कठीण जाते.

कोपनहेगनमध्ये सुमारे तीस हजार लोकांचा अनेक वर्षे मागोवा घेतल्यावर २००० साली असे प्रसिद्ध झाले की कामावर सायकलने न जाणाऱ्यांचे मृत्यूचे प्रमाण जाणाऱ्यांपेक्षा ३९ टक्के अधिक होते. भारतातला महत्त्वाचा अभ्यास नागपूर, लखनौ, हैदराबाद आणि बंगळूरू येथील कारखान्यांतले कामगार आणि त्यांचे गावाकडचे भाऊबंद यांच्यावर आधारलेला आहे. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. खेड्यातले सुमारे दोनतृतीयांश लोक सायकलने कामाला जात होते, शहरातले साधारण सहांपैकी एक. खासगी वाहनाने जाणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचे वजन प्रमाणाबाहेर होते, तर चालत किंवा सायकलने जाणाऱ्यांत हा वाटा पाव इतकाच होता. सायकलस्वारांत मधुमेह आणि उच्च रक्तदाबही कमी आढळला. ही एका वेळची पाहणी असल्याने कारण आणि परिणाम तिच्यातून पक्के ठरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगते. पाच दिवस जाता-येता पंधरा-पंधरा मिनिटे झपझप चालले की ती भरते. व्यायामशाळेची वर्गणी परवडत नाही किंवा वेळ मिळत नाही अशा बहुसंख्यांसाठी हाच खात्रीचा मार्ग आहे. बस आणि लोकलचा प्रवासीही स्थानकापर्यंत चालतो, म्हणून सार्वजनिक वाहतूक ही आरोग्यसेवाच समजायला हवी.

मात्र चालणाऱ्याला रस्त्याने जिवंत सोडले पाहिजे. भारतात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत सुमारे पाचवा हिस्सा पादचारी होते आणि दुचाकीवरचे जवळपास ४४ टक्के. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. ताशी ५० किलोमीटरने येणाऱ्या गाडीच्या धडकेत ३० च्या मानाने पावणेतीनपटींहून अधिक ऊर्जा असते. म्हणूनच वस्तीतला वेग ३० वर आणण्याचा आग्रह धरला जातो. फलक लावून तो येत नाही. रस्ता अरुंद करणे, वळणे देणे, चौक उंच उचलणे अशा बांधणीने येतो. नेदरलँड्समध्ये १९७१ साली तीन हजारांहून अधिक लोक रस्त्यांवर मेले, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. पालक रस्त्यावर उतरले, डेल्फ्टमधले संथ वाहतुकीचे निवासी रस्ते १९७६ साली कायद्यात आले आणि आज त्या देशात लाखो मुले सायकलने शाळेत जातात.

हवेबद्दलची शंका रास्त आहे, कारण चालताना आणि सायकल मारताना श्वास खोल जातो. २०१६ च्या एका गणितानुसार हवेतील सूक्ष्म कण घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम असतील तर रोज दीड तासापर्यंतच्या सायकलीचा फायदा तोट्याहून जास्त राहतो. चालण्याची मर्यादा दहा तासांच्याही पुढे जाते. वाहनांनी विटाळलेल्या हवेला घाबरून वाहनात बसणे हा उपाय नव्हे, हे या आकड्यांतून दिसते.

शरीरापलीकडचे नुकसान डोनाल्ड ॲपलयार्ड या नगररचनाकाराने मोजले. सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन सारख्या गल्ल्यांपैकी एकीतून दिवसाला सुमारे दोन हजार वाहने जात, दुसरीतून आठ हजार, तिसरीतून सोळा हजार. शांत गल्लीतल्या माणसाला आपल्या गल्लीत सरासरी तीन मित्र होते, वर्दळीच्या गल्लीत एकाहूनही कमी. वर्दळीच्या रस्त्यावरचे लोक रस्त्याकडच्या खोल्याही वापरेनासे झाले होते.

मुंबई आणि पुणे ही मुळात चालणाऱ्यांची शहरे. मुंबईची लोकल दिवसाला लाखोंना पायी चालायला लावते, पण तिच्या रुळांवर आणि गाड्यांतून पडून दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात, त्यांतली मोठी संख्या रूळ ओलांडणाऱ्यांची असते. २००८ साली वांद्र्याच्या पूर्वेला पहिला स्कायवॉक, म्हणजे रस्त्यावरून जाणारा उंच पादचारी पूल, उभा राहिला आणि पाठोपाठ अनेक उभे राहिले. गुडघे दुखणाऱ्या आजीला किंवा डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईला त्यांचा जिना चढायला लावणे म्हणजे रस्ता गाड्यांना देऊन पादचाऱ्याला बाजूला करणे होय. सायकलींचे शहर म्हणून नावाजलेले पुणे दुचाकींनी व्यापले. तिथे २०१६ साली पादचारी धोरण मंजूर झाले, जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंदावले आणि ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्ता एक दिवस वाहनांसाठी बंद ठेवला गेला.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या निकषांनुसार पदपथावर किमान १.८ मीटर रुंदी मोकळी हवी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. प्रत्यक्षात त्याच पट्ट्यात रोहित्र, झाड, उभ्या केलेल्या दुचाकी, पथारी आणि उखडलेले पेव्हर ब्लॉक येतात, आणि यांतला प्रत्येक प्रश्न वेगळ्या खात्याकडे असतो. पथारीवाल्याला हटवणे सोपे म्हणून तेवढेच होते, उभ्या गाड्या तशाच राहतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोगा पदपथ हा घटनेच्या अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि पदपथांविषयी मार्गदर्शक तत्त्वे सादर करण्याचे आदेश दिले.