चांदीच्या कणाची वाटचाल

डेल्फ्टच्या लीवेनहूक या कापडव्यापाऱ्याने १६८३ च्या सुमारास दातांवरचे कीटण खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली धरले. त्यात जीव वळवळत होते. व्हिनेगर लावले तर वरवरचे मेले, आतले तगले. सुटे जीवाणू औषधाला बळी पडतात. चिकट थरात दडले की दाद देत नाहीत. या थराला आज बायोफिल्म म्हणतात. मूत्रमार्गात घालायच्या नळ्या, कृत्रिम सांधे, चिघळलेल्या जखमा, सगळीकडे तो धरतो आणि प्रतिजैविके त्यापुढे हतबल होतात.

त्यावर उतारा म्हणून आज चांदीच्या नॅनोकणांचे नाव घेतले जाते. पण ही वाट जुनी आहे. लाइपझिगच्या कार्ल क्रेडे यांनी १८८० मध्ये नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालायला सुरुवात केली आणि जन्मतः होणाऱ्या संसर्गाने येणारे अंधत्व झपाट्याने घटले. १८८९ मध्ये अमेरिकेत केरी ली यांनी चांदीचे कलिल द्रावण बनवले. त्यातले कण नॅनोच होते, फक्त ते नाव अजून रुळायचे होते. पुढे पेनिसिलिन आले आणि चांदी भाजलेल्या रुग्णांच्या मलमापुरती उरली. प्रतिजैविके निकामी होऊ लागली, तशी ती परतली. १९९० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट बरेल यांनी नॅनोचांदीची मलमपट्टी तयार केली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी नॅनोचांदीच्या जेलवरचे संशोधन २००९ मध्ये प्रसिद्ध केले.

कण बारीक का हवा? एक सेंटिमीटरच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याचेच १० नॅनोमीटरचे घन केले तर ते ६०० चौरस मीटर होते. तेवढ्या पृष्ठभागावरून चांदीचे आयन सुटतात, जीवाणूंची प्रथिने निकामी करतात आणि त्यांचे पटल फोडतात.

तरीही चांदी रामबाण नाही. २००८ च्या चाचणीत चांदीचा लेप असलेल्या श्वासनळ्यांमुळे (श्वासमार्गात घालायच्या नळ्यांमुळे) व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतला न्यूमोनिया ७.५ टक्क्यांवरून ४.८ टक्क्यांवर आला. २०१२ च्या चाचणीत मात्र चांदीच्या लेपाच्या मूत्रमार्गातल्या नळ्यांनी अल्पकाळ वापरात मूत्रसंसर्ग लक्षणीय कमी केला नाही. शिवाय १९७५ मध्येच अमेरिकेतल्या एका जळीत विभागात चांदीला न जुमानणारे साल्मोनेला जीवाणू आढळले होते.

म्हणून मोजे, कपडे, धुलाईयंत्रे यांत चांदी उधळणे थांबवायला हवे. प्रतिजैविकांच्या बाबतीत अतिवापराची जी चूक झाली, ती चांदीच्या बाबतीत पुन्हा होऊ नये.